माळ आणि बिल्ला

देवाने माणसाला हृदय दिले ते छातीच्या आतल्या बाजूला. ते कोणाला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच की काय, बाहेरच्या बाजूला काहीतरी लावून आतले सांगण्याची माणसाला फार हौस. कोणी कपाळी गंध लावतो, कोणी दंडाला ताईत बांधतो, कोणी गळ्यात माळ घालतो आणि निवडणुका आल्या की कोणी छातीवर बिल्ला लावतो. या साऱ्या खुणा एकाच जातीच्या आहेत असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. परंतु जरा थांबून पाहिले तर त्यांच्यात मोठे अंतर आहे, आणि आजचे हे चार शब्द त्या अंतराविषयीच आहेत.

आपल्याकडचा माळकरी पाहा. पंढरपुरी जाऊन किंवा गावच्या एखाद्या वडीलधाऱ्या वारकऱ्याच्या हातून त्याने तुळशीची माळ घालून घेतली की त्या दिवसापासून मांस सुटले, दारू सुटली, एकादशीचा उपास आणि वर्षाची वारी मागे लागली. लग्नाच्या पंगतीत वाढपी चुकून भलतेच पातेले घेऊन आला, तर शेजारचा माणूसच हळूच म्हणतो, "अहो, ते माळकरी आहेत." बस्स. पुढे कोणी आग्रह करीत नाही. आणि तो माळकरीही आपल्या शेजाऱ्याच्या ताटात काय आहे याची चौकशी करीत नाही. त्याची माळ त्याच्यापुरती. ती त्याला बांधते.

बिल्ल्याचे तसे नाही. बिल्ला लावणाऱ्याला काही सोडावे लागत नाही. आमच्या शाळेत दर वर्षी कुठला ना कुठला पंधरवडा साजरा होतो आणि मुलांच्या खिशांवर कागदी बिल्ले लागतात. 'पाणी वाचवा' असा बिल्ला लावलेला मुलगा टाकीचा नळ तसाच वाहता ठेवून वर्गात येतो, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. कारण 'वाचवा' हे त्याने दुसऱ्यांना सांगितलेले असते. बिल्ला तोंड करून असतो तो नेहमी समोरच्याकडे. लावणाऱ्याला स्वतःला तो वाचायचा झाला तर मान वाकडी करून उलटा वाचावा लागतो!

हा विचार माझ्या मनात आला तो काही जुन्या अमेरिकन बिल्ल्यांची छायाचित्रे पाहताना. दूरदेशी गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ती मला दाखवली. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत सबंध देशभर दारूबंदी होती. ती उठवावी म्हणून तिकडे मोठे आंदोलन झाले आणि त्या आंदोलनातले हे बिल्ले. रुपयाएवढा पातळ पत्रा, त्यावर छापील कागद, कागदावर सेल्युलॉइडचा चकचकीत पापुद्रा आणि मागे टाचणी. असे बिल्ले तिकडे १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपासून घरोघर पोचले होते. एकावर लिहिले आहे, 'अठरावी घटनादुरुस्ती रद्द करा'. दुसऱ्यावर फेसाळलेल्या पेल्याचे चित्र आणि खाली 'आम्हाला बीअर हवी'. बिल्ल्यांखेरीज आणखीही कितीतरी वस्तू होत्या. मोटारीच्या नंबराच्या पाटीवर बसवायच्या पत्र्याच्या छोट्या पाट्या होत्या, काचेवर चिकटवायचे कागद होते, मोटारीच्या मागे टांगलेल्या स्टेपनीवर चढवायची आवरणे होती. अशाच एका आवरणावरचा मजकूर वाचून मला हसू आले. 'मी उंट नाही, मला बीअर हवी!' असा तो मजकूर. त्यातली मेख अशी, की तिकडच्या दारूबंदीवाल्या पक्षाचे चिन्ह होते उंट. पाण्याखेरीज दुसरे काही न पिणारा आणि तेही न मिळाले तर दिवसेंदिवस तसाच चालणारा प्राणी!

या थट्टेच्या मागे मात्र थट्टेवारी न नेण्यासारखा इतिहास आहे. तो थोडा सांगितला पाहिजे.

अमेरिकेतल्या दारूविरोधी चळवळीत बायकांचा फार मोठा वाटा होता. १८७३ च्या हिवाळ्यात ओहायो राज्यातल्या गावांतून बायका निघाल्या आणि गुत्त्यांच्या दारात, बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करीत बसल्या. पुढच्या वर्षी त्यातूनच त्यांची ख्रिस्ती मद्यपाननिषेध संघटना जन्माला आली. नवऱ्याचा पगार गुत्त्यात जातो, घरी मुले उपाशी राहतात आणि कायद्यात बायकोला ना मिळकतीचा हक्क धड, ना मताचा; मग तिने करावे काय? त्या बायकांनी छातीवर पांढऱ्या फितीचे एक फूल लावले. ही फीत ज्या बाईने लावली तिने दारूला न शिवण्याची प्रतिज्ञा केलेली असे. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. त्यांनी या संघटनेचे काम जवळून पाहिले आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात ते मराठी वाचकांना आपुलकीने सांगितले. म्हणजे ती पांढरी फीत आपल्याला अगदीच परकी नाही. मी तिला तिकडची तुळशीची माळच म्हणेन. ती लावणारीला बांधत होती.

पण पुढे काय झाले? आपण बांधून घेतले, आता सर्वांना बांधू, अशी ईर्ष्या चळवळीला चढली. १८९३ पासून गुत्ताविरोधी संघाने मतपेटीचे राजकारण हाती घेतले. उमेदवार स्वतः पितो की नाही हे त्या संघाने फारसे पाहिले नाही. तो दारूबंदीच्या बाजूने मत देतो की नाही एवढेच पाहिले. घरी पिणारा आणि सभागृहात बंदीला हात वर करणारा माणूस त्यांना चालत होता. इथेच माळेचा बिल्ला झाला. १६ जानेवारी १९१९ रोजी अठराव्या घटनादुरुस्तीला पुरेशा राज्यांची मान्यता मिळाली आणि बरोबर एका वर्षाने, १७ जानेवारी १९२० पासून, मादक पेये तयार करणे, विकणे आणि त्यांची ने-आण करणे हा देशभर गुन्हा ठरला.

योगायोग असा, की ते १९१९ साल आपल्याही दारूविषयक साहित्यातले महत्त्वाचे साल आहे. जानेवारीत तिकडे ती दुरुस्ती मंजूर झाली आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला राम गणेश गडकरी गेले. त्यांचे 'एकच प्याला' त्याच वर्षी रंगभूमीवर आले. सुधाकराच्या हातातल्या प्याल्याने सिंधूच्या संसाराची जी राख केली ती पाहून महाराष्ट्रातल्या तीन पिढ्यांनी डोळे पुसले. त्याच नाटकात तळीरामाचे 'आर्य मदिरा मंडळ' आहे. दारुड्यांनी सभा भरवायची, ठराव करायचे, दारूचा गौरव करायचा, अशी ती गडकऱ्यांची चेष्टा. दारूबंदी उठवा म्हणणाऱ्या अमेरिकन संस्थाही अशाच तळीरामाच्या जातीच्या असतील, असा ग्रह वाचकांनी करून घेऊ नये. तिथेच तर खरा पेच आहे.

त्या संस्थांत पिणारे होतेच, पण न पिणारेही पुष्कळ होते. त्यांना बंदी नकोशी झाली ती तिच्या परिणामांमुळे. कायद्याला पळवाटा होत्या. धर्मविधीसाठी द्राक्षासव चाले, आणि डॉक्टरने चिठ्ठी दिली की औषध म्हणून व्हिस्की मिळे. एवढा धडधाकट देश एकाएकी आजारी पडला! ज्यांना चिठ्ठी परवडत नव्हती ते चोरट्या अड्ड्यांवर गेले. अड्ड्यांवर दारू पोचवणारे गुंड लक्षाधीश झाले, पोलीस आणि न्यायाधीश विकले गेले. कारखान्यांत लागणारे अल्कोहोल लोकांनी पिऊ नये म्हणून त्यात विषारी द्रव्ये मिसळण्याचा सरकारी नियम होता. लोकांनी ते तरीही प्यायले आणि १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या इस्पितळांतून माणसे मेली. १९३० साली आल्याच्या एका भेसळयुक्त अर्काने हजारो गरिबांचे पाय कायमचे लुळे पडले. श्रीमंताच्या तळघरात जुनी दारू होती आणि ती पिण्याला कायद्याची आडकाठी नव्हती. बंदी झाली ती मुख्यतः गरिबांना.

तेव्हा बिल्ल्यांचा बाजार वाढला. १९१९ सालीच न्यूयॉर्कच्या कामगारांनी 'बीअर नाही, तर काम नाही' असे बिल्ले लावून पाहिले होते. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. १९२८ साली न्यूयॉर्कचा गव्हर्नर अल स्मिथ अध्यक्षपदाला उभा राहिला. तो बंदीच्या उघड विरोधी. त्याची तपकिरी गोल टोपी प्रसिद्ध होती, म्हणून त्याच्या अनुयायांनी इवल्याशा तपकिरी टोप्या कोटाला टाचल्या. तो सपशेल पडला. पुढच्याच वर्षी मोठी मंदी आली आणि सगळा रंग पालटला. कामगार बेकार, सरकारी तिजोरी रिती. १४ मे १९३२ रोजी न्यूयॉर्कच्या महापौराने, जिमी वॉकरने, बीअरच्या मागणीसाठी प्रचंड मिरवणूक काढली. बीअर सुरू करा, म्हणजे तिच्यावरच्या कराने तिजोरी भरेल आणि लोकांना काम मिळेल, हा तिचा मंत्र. त्याच साली रूझवेल्टच्या पक्षाने बंदी उठवण्याचे वचन दिले आणि तो निवडून आला. ७ एप्रिल १९३३ पासून हलकी बीअर खुली झाली. ५ डिसेंबर १९३३ रोजी युटा या छत्तिसाव्या राज्याने मान्यता देताच एकविसावी दुरुस्ती पुरी झाली आणि अठरावी रद्द झाली. अमेरिकेच्या घटनेतली एक दुरुस्ती दुसरीने समूळ रद्द केल्याचे हे आजवरचे एकच उदाहरण आहे.

या साऱ्या सामानात एक भित्तिपत्रक आहे. माझे मन सर्वांत अधिक अडले ते त्यापाशी. त्यावर पेला नाही, उंट नाही, विनोद नाही. एक आई आहे आणि तिला बिलगलेली मुले आहेत. 'यांच्या सुरक्षिततेसाठी बंदी उठवण्याच्या बाजूने मत द्या' अशा अर्थाचा मजकूर आहे. हे पत्रक काढले होते पॉलीन सेबिन या बाईंनी १९२९ साली स्थापन केलेल्या स्त्रियांच्या संस्थेने. या सेबिनबाई आधी बंदीच्या बाजूच्या होत्या. दारूवाचूनचे जग आपल्या दोन मुलांना लाभेल, असे त्यांना वाटले होते. पुढे त्यांनी पाहिले, की मुले दारूपासून लांब राहण्याचे बाजूलाच राहिले, उलट कायदा मोडणे हीच प्रतिष्ठा असे ती मोठ्यांकडून शिकत आहेत. पांढऱ्या फितीवाल्या संघटनेच्या अध्यक्षा एकदा म्हणाल्या, की मी अमेरिकेतल्या स्त्रियांच्या वतीने बोलते आहे. तेव्हा, निदान माझ्या वतीने तरी नाही, असे सेबिनबाईंच्या मनात आले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. चार वर्षांत दहा लाखांहून अधिक स्त्रिया आपल्या सभासद आहेत, असे त्यांची संस्था सांगू लागली.

वाचकहो, इथे जरा थांबा. साठ वर्षांपूर्वी ज्या आईने मुलाला कडेवर घेऊन 'गुत्ता बंद करा' म्हटले होते, तीच आई तेच मूल कडेवर घेऊन आता 'बंदी उठवा' म्हणत आहे. दोन्ही वेळा ती खरे बोलत आहे. मग चित्रातल्या त्या मुलाने कोणाचे ऐकायचे?

यातून नीतीचा जो प्रश्न उभा राहतो तो असा. एखादी गोष्ट वाईट आहे असे मनापासून मानणाऱ्या माणसाने, ती कायद्याने मोकळी करा अशी मागणी करावी काय? आपल्याकडचे साधेसरळ मन लगेच म्हणते, छे! वाईट ते वाईट. त्याला मोकळीक मागणे म्हणजे त्याला होकार देणे. दारू वाईट म्हणायचे आणि दारूचे दुकान उघडा असा बिल्लाही लावायचा, हे दोन दगडांवर पाय ठेवणे झाले.

मला हे पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला त्याच काळातला एक माणूस उपयोगी पडेल. जॉन रॉकफेलर धाकटे हे जन्मात दारूला न शिवलेले गृहस्थ. बापलेकांनी गुत्ताविरोधी संघाला भरघोस देणग्या दिल्या होत्या. याच रॉकफेलरांनी जून १९३२ मध्ये जाहीर पत्र लिहून सांगितले, की मी ज्या आशेने बंदीला पाठिंबा दिला ती सफळ झाली नाही. पिणे वाढले आहे, गुत्त्याची जागा चोरट्या अड्ड्याने घेतली आहे आणि कायद्याविषयीचा आदर लोपला आहे. म्हणून ही दुरुस्ती रद्द व्हावी. हा माणूस पत्र लिहून संध्याकाळी पेला घेऊन बसला नाही. त्याची माळ त्याच्या गळ्यात तशीच राहिली. दुसऱ्याच्या गळ्यात ती पोलिसाच्या हाताने घालता येत नाही, एवढेच त्याला कळले होते.

आणि वारकऱ्यांना तरी दुसरे काय ठाऊक आहे? माळ मागावी लागते. न मागता ती कोणाच्या गळ्यात कोणी घालीत नाही. बळेच घातलेल्या माळेला गळफास म्हणतात. म्हणून, बंदी उठवा म्हणणारा प्रत्येक माणूस दारूचा मित्र असतो असे नाही. त्याला दारूचाही तिटकारा असेल आणि बळजबरीचाही. दोन तिटकाऱ्यांतला अधिक खोल कोणता, हे त्याला ठरवावे लागते.

पण हे मान्य केले म्हणून त्या बिल्लेवाल्यांची सुटका होत नाही. 'हे काम कायद्याने होणार नाही' असे जो म्हणतो, त्याच्यावर एक ऋण चढते. मग ते कोणी करायचे, हे त्याने सांगितले पाहिजे, आणि जमेल तेवढे स्वतः केले पाहिजे. वैद्याचे औषध लागू पडत नाही म्हणून ते थांबवायला लावणाऱ्याने रोग्याला खाटेवर सोडून घरी निघून जावे, हे बरे नव्हे. रॉकफेलरांनी त्या ऋणाचा काही भाग फेडला. बंदी गेल्यावर दारूविक्री कशी आवरावी याचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या पैशाने करवून घेतला आणि बंदी उठली त्याच वर्षी तो पुस्तकरूपाने लोकांपुढे ठेवला. विक्री खासगी नफ्याच्या हाती देऊ नये, ती राज्याने आपल्या ताब्यात घ्यावी, असा त्या पुस्तकाचा सल्ला होता आणि काही राज्यांनी त्या वाटेने कारभारही केला.

बाकीच्यांचे काय? बंदी उठवण्यासाठी झटणारी धनिकांची संस्था त्या डिसेंबरातच गुंडाळली गेली. सेबिनबाईंच्या संस्थेनेही आपले काम संपले असे म्हणून दार लावले. बिल्ले काढून लोकांनी टेबलाच्या खणात टाकले, आणि आज ते जमवण्याचा छंद असलेली माणसे ते पैसे मोजून घेतात. धनिकांच्या बोलण्यात एक गोष्ट आधीपासून होतीच, ती म्हणजे दारूवर कर आला की आपल्यावरचा प्राप्तिकर हलका होईल. बिल्ल्यावर हे छापलेले नव्हते. आणखीही एक गोष्ट छापलेली नव्हती. बंदीच्या वर्षांत यकृत सडून मरणाऱ्यांचे प्रमाण त्याआधीच्या काळापेक्षा कमी होते. बंदीने केलेले थोडे बरे सांगायला बिल्ल्यावर जागा नसते. बंदी हवी म्हणणाऱ्यांच्या फितीवर तिने केलेले वाईट सांगायलाही जागा नव्हती. रुपयाएवढ्या पत्र्यावर अर्धेच सत्य मावते. हा पत्र्याचा दोष नव्हे. पत्रा वाचून पुरे झाले असे समजणाऱ्याचा तो दोष आहे.

मग खाटेवरच्या त्या रोग्याजवळ शेवटी कोण बसले? बंदी उठून दीडच वर्ष झाले होते. मे १९३५ मध्ये ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी दोन दारुडे एकमेकांना भेटले. एक शेअरबाजारातला, एक शस्त्रवैद्य. दारू सुटावी म्हणून आपण एकमेकांना आधार देऊ, असे त्यांनी ठरवले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही मंडळी उभी राहिली. योगायोग पाहा, गुत्त्याच्या दारात बायका गुडघे टेकून बसल्या होत्या त्याच राज्यातली ही गोष्ट. या मंडळींच्या सभा आज आपल्या मुंबई-पुण्यातही मराठीतून भरतात. त्यांनी कायद्याच्या बाजूने कधी बिल्ला लावला नाही, विरुद्धही लावला नाही. पुढे त्यांच्यात एक लहानशी मुद्रा देण्याची चाल पडली. इतके दिवस, इतके महिने, इतकी वर्षे दारूवाचून काढली, याची ती खूण. ही मुद्रा छातीवर लावीत नाहीत. ती खिशात असते आणि रस्त्यात गुत्ता लागला की हात आपोआप खिशात जाऊन ती चाचपतो. मला ती वस्तू तुळशीच्या मण्याची सख्खी बहीण वाटते.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा आणि महाराष्ट्रात त्या कायद्याचे नाव आजही दारूबंदीचेच आहे. त्याच्याच आधारे दारूचे परवाने दिले जातात आणि परवान्यावर आरोग्य राखण्याचे कारण लिहिलेले असते! अमेरिकन डॉक्टरच्या चिठ्ठीची ही मराठी भावंडे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. दोन्ही वेळा दोन्ही बाजूंनी मुलाबाळांचाच दाखला दिला गेला, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना आठवत असेल.

परंतु आपल्याकडे एक चिन्ह असे निघाले आहे, की जे ना पुरते माळ आहे, ना पुरता बिल्ला. गावातले दारूचे दुकान बंद व्हावे असे स्त्रियांना वाटले तर त्या मतदान मागू शकतात. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभीला मत म्हणजे दुकान राहू दे. आडवीला मत म्हणजे जाऊ दे. आणि अट किती कडक? मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, गावातल्या एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे कामाचा खाडा करून, सासू-नवऱ्याचे डोळे चुकवून, प्रसंगी दुकानदाराच्या माणसांसमोरून बाईला केंद्रापर्यंत यावे लागते. ती साऱ्या देशाला बांधू पाहत नाही. ज्या रस्त्याने रोज पाण्याला जाते त्या रस्त्यावरचे एक दुकान तिला बंद हवे आहे. आणि उद्या त्याचे जे काही बरेवाईट होईल ते तिच्याच दारात होणार आहे.

इथे माझ्या मघाच्या बोलण्याला थोडी मुरड घातली पाहिजे. माळ ज्याची त्याने घ्यावी हे खरे. पण सिंधूने कुठे प्याला घेतला होता? पिणाऱ्याच्या स्वातंत्र्याची किंमत पुष्कळदा न पिणारीच मोजते. तेव्हा, पिणाऱ्याच्या गळ्यात बळेच माळ घालू नका हे जितके खरे, तितकेच, त्याच्या हातचा प्याला दुसऱ्याच्या डोक्यावर फुटू देऊ नका हेही खरे. कायद्याचे काम ते दुसरे. सबंध राष्ट्राला सोवळे नेसवायला निघालेला कायदा अमेरिकेत चौदा वर्षेही टिकला नाही. पण सगळे मोकळे करून निर्धास्त झालेल्यांनाही सिंधूचे काय, या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. आणि ते 'बंदी उठवा' या दोन शब्दांत सापडत नाही.

आम्हा शिक्षकांना निवडणुकीचे काम चुकत नाही. मतदानकेंद्राच्या शंभर मीटरच्या आत प्रचाराची खूण लावून येता येत नाही, हा नियम वाचकांना माहीत आहेच. खिशावर पक्षाचा बिल्ला तसाच लावून एखादा मतदार येतो, पोलीस त्याला अडवतो आणि तो थोडा ओशाळून, थोडा रागावून बिल्ला काढून खिशात टाकतो. मग एकटाच त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातो. या नियमाचा हेतू काय असेल तो असो, मला त्यात मोठे शहाणपण दिसते. ज्या क्षणी खरोखर ठरवायचे असते, त्या क्षणी बिल्ला काढून ठेवायचा असतो. बाहेर येतो तेव्हा त्याच्याजवळ बोटावरच्या शाईखेरीज काही नसते, आणि ती शाई कोणत्याच बाजूची नसते. आपण ठरवले एवढेच ती सांगते. काय ठरवले आणि त्याचे पुढे काय निभावले, ते ज्याचे त्याला ठाऊक.

बिल्ले लावू नयेत असे मी म्हणत नाही. आंदोलनांना ते लागतात. अमेरिकेतला तो फसलेला कायदा बिल्ल्यांवाचून उठला नसता, आणि तो उठला हे बरेच झाले असे मी मानतो. बिल्ला लावताना प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे, की मी जे मागतो आहे ते उद्या मिळाले, तर परवापासून माझ्याकडे कोणते काम येईल? ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येते त्याच्या छातीवरचा बिल्ला खुशाल चमकू द्यावा. ज्याला देता येत नाही, त्याने तो लावण्यापूर्वी एक रात्र उशाशी ठेवून झोपावे.

दिवाळीच्या फराळाला चारचौघे जमले म्हणजे असे वाद निघतातच. कोणी म्हणेल दारू बंद करा, कोणी म्हणेल खुली करा, आणि दोघेही चकलीचा तुकडा मोडत मोडत आवाज चढवतील. त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बाईला कोणीतरी विचारावे, की बाई, तुमचे काय म्हणणे आहे? तिच्या पदराला बिल्ला नसतो. म्हणून तिचे म्हणणे आधी ऐकावे.